पहिल्या पगाराचा माग

पुण्यात खराडीला किंवा हिंजवडीला शनिवारचा वॉक-इन असला, की फाटकाबाहेरची रांग ऑफिस उघडायच्या कितीतरी आधी लागते. हातात पारदर्शक फोल्डर, त्यात दहावीपासूनच्या मार्कशीट, रेझ्युमेच्या चार-पाच प्रती, पाठीवर सॅक, पायात बहुधा याच कामासाठी ठेवलेले काळे बूट. जाहिरात कुठल्यातरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून फिरत आलेली असते आणि तिच्यातल्या अटी सगळ्यांना पाठ असतात: अमुक दोनच वर्षांचे पास-आऊट, दहावी-बारावी-डिग्री सगळीकडे साठ टक्के, बॅकलॉग नको, गॅप नको. लातूर, जळगाव, सांगली, वाशीमकडून आलेली ही मुलं-मुली एकमेकांना ओळखत नसतात, तरी पाच मिनिटांत बोलायला लागतात. बोलणं कशावर चाललंय त्यावरून कोण किती महिने शोधतंय तेही कळतं. ताजा पास-आऊट विचारतो, 'प्रोफाइल काय आहे? डेव्हलपमेंट की सपोर्ट?' सहा-आठ महिने झालेला विचारतो, 'पॅकेज किती देतायत?' वर्ष उलटलेला एवढंच विचारतो, 'जॉइनिंग कधी?'

'निवड' हा यंदाच्या अंकाचा विषय ठरल्यावर या रांगेकडे वळायचं कारण हेच. पगार बघायचा की आपल्याला हवं ते काम, यावर सल्ले देणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. सल्ला देताना बहुतेक जण असं धरून चालतात, की या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एक सोडली की दुसरी मिळते. इथल्या नोकरभरतीच्या रीती पाहिल्या तर ते तसं उरत नाही. पहिला पगार पुढच्या पगाराचा पाया ठरतो आणि पहिल्या कामाचा शिक्का पुढच्या कामावर बसतो. म्हणून माझं म्हणणं असं, की शोध लांबला असताना हाती आलेल्या ऑफरचं मोल तिच्यातल्या आकड्यावरून किंवा पदाच्या नावावरून ठरवू नये. ती घेतल्यावर पुन्हा बाहेर पडायला काय मोजावं लागेल, ते आधी पाहावं.

पॅकेजच्या पोटात

'साडेतीन लाखांचं पॅकेज' असं फोनवर घरी कळवलं, की घरचे मनातल्या मनात बाराने भागतात आणि महिना एकोणतीस हजार धरतात. ऑफर लेटरच्या शेवटच्या पानावरचा तक्ता वेगळंच सांगत असतो. एक नमुना घेऊ. बेसिक महिना १५ हजार. कंपनीच्या वाट्याचा पीएफ वर्षाला २१,६०० रुपये, पॅकेजमध्येच मोजलेला. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साडेआठ हजारांच्या वर; तीही पॅकेजमध्येच, जरी नियमित कर्मचाऱ्याच्या हातात ती सलग पाच वर्षं नोकरी केल्याशिवाय पडत नाही. आरोग्य विम्याचे ६ हजार. कामगिरीवर अवलंबून असलेले २० हजार, वर्षअखेरीला मिळाले तर मिळाले. उरलेल्यातून स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० कापला, की खात्यावर येतात महिना साधारण साडेबावीस हजार. (मुलगी असेल तर ते दोनशे वाचतात, महाराष्ट्रात महिना २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना २०२३पासून व्यवसाय कर माफ आहे.) यातून पुण्यातली कॉट बेसिसवरची खोली, मेस आणि वाकडच्या पुलाखालून रोज जायचं-यायचं भाडं काढलं, तर बारा-पंधरा हजार सहज जातात. उरलेल्यात घरी पाठवायचे, शैक्षणिक कर्जाचा हप्ता द्यायचा, आणि जमलंच तर एखाद्या कोर्सचे पैसे भरायचे.

हा आकडा वर्षानुवर्षं जागचा हललेला नाही. पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या आयटी सेवा कंपन्या फ्रेशरला तीन-सव्वातीन लाख देत होत्या. टीसीएसची 'निंजा' ऑफर आजही ३.३६ लाखांचीच समजली जाते. दरम्यान महागाई दुपटीच्या वर गेली. त्याच कंपनीच्या त्याच परीक्षेत वरचा स्कोअर आला तर 'डिजिटल' म्हणून ७ लाखांची ऑफर मिळते, आणि सहसा नव्या तंत्रज्ञानाचं कामही त्याच गटाकडे जातं. पगार की करिअर, हा प्रश्न इथेच अर्धा कोलमडतो. कमी पगार घेऊन जास्त शिकायला मिळेल अशी वाटणी कंपनीने केलेलीच नाही. बऱ्याचदा जिथे पैसा जास्त तिथेच शिकणं जास्त, आणि खालच्या पायरीवर दोन्हीही तुटपुंजं.

तारीख नसलेली ऑफर

हा पेच उघड्यावर आला तो फेब्रुवारी २०२३मध्ये. विप्रोने वर्षाला साडेसहा लाखांची ऑफर देऊन ठेवलेल्या फ्रेशरना एक मेल पाठवली. ही मुलं कंपनीचं प्रशिक्षण पूर्ण करून महिनोन्‌महिने जॉइनिंगची वाट पाहत होती. मेलमध्ये विचारलं होतं, साडेतीन लाखांवर लगेच रुजू व्हायची तयारी आहे का? 'हो' म्हटलं की जुनी ऑफर रद्द. 'नाही' म्हटलं तर जुनी ऑफर कायम, पण जॉइनिंगची तारीख सांगता येणार नाही. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने याला जाहीर आक्षेप घेतला. तरी बहुतेक जणांनी साडेतीन लाख स्वीकारले, असं पुढे कंपनीकडूनच सांगण्यात आलं.

या बहुतेकांना घाबरट म्हणणं सोपं आहे. त्यांनी केलेला हिशेब मात्र बाहेरून दिसतो त्यापेक्षा शहाणा होता. तारीख नसलेल्या साडेसहा लाखांची आजची किंमत किती? दोन महिन्यांत जॉइनिंग मिळालं तर पुष्कळ, दीड वर्षाने मिळालं तर फार थोडी, आणि मिळालंच नाही तर शून्य. शिवाय थांबलेला माणूस दर महिन्याला 'ताजा पास-आऊट' या वर्गातून बाहेर सरकत असतो. जाहिरातीतली ती 'अमुक दोन वर्षांचे' ही अट निर्दय आहे. ती ओलांडली की फ्रेशर म्हणूनही कोणी घेत नाही आणि अनुभव नाही म्हणून अनुभवी म्हणूनही घेत नाही. इन्फोसिसच्या २०२२च्या भरतीतल्या सुमारे दोन हजार जणांचं जॉइनिंग असंच दोन वर्षांच्या आसपास लांबलं. त्यांच्या बाजूने याच 'नाइट्स'ने केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली होती. मग फेब्रुवारी २०२५मध्ये त्याच कंपनीच्या म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेच्या वर प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत नापास झाले म्हणून घरी पाठवलं गेलं. म्हणजे थांबून मिळालेली नोकरीसुद्धा हातात राहीलच याची खात्री नाही. साडेतीन लाख घेणाऱ्यांनी अनिश्चितता विकून तारीख विकत घेतली. तिची किंमत त्यांनी जास्त मोजली का, हा प्रश्न मात्र उरतोच, आणि त्याचं उत्तर त्या वर्षाच्या पगारात सापडत नाही.

'लास्ट ड्रॉन किती?'

ते उत्तर सापडतं दुसऱ्या नोकरीच्या वेळी. दोन-अडीच वर्षं झाली, मुलगा किंवा मुलगी कामात तयार झाली, नोकरी बदलायची ठरली. एचआरचा फोन येतो आणि कामाबद्दल एक शब्द बोलण्याआधी तीन प्रश्न येतात: करंट सीटीसी (म्हणजे सध्याचं पॅकेज) किती, एक्स्पेक्टेड किती, नोटीस पिरियड किती. उत्तर मिळाल्यावर शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागवल्या जातात. मग एक न लिहिलेलं गणित सुरू होतं, करंटवर तीस टक्के. फार हवा असलेला उमेदवार असेल तर चाळीस-पन्नास. साडेतीनवर तीस टक्के म्हणजे साडेचारच्या थोडं वर. त्याच टीमात तेच काम करणारा, साडेसहावर सुरू झालेला माणूस तोवर साडेआठवर पोहोचलेला असतो. कौशल्य सारखं, पण पहिल्या दिवशीचा फरक दोघांच्या मागे लागलेला.

म्हणून 'आधी शिका, पैसा मागून येईल' हा सल्ला अर्धाच खरा आहे. ज्या बाजारात माणसाची किंमत कामावरून ठरते तिथे तो लागू पडतो. ज्या बाजारात ती मागच्या पावतीवरून ठरते तिथे कमी पगारावर शिकणाऱ्याची पावती पुढची अनेक वर्षं त्याच्याविरुद्ध साक्ष देते. हे काही फक्त आपल्याकडचं दुखणं नव्हे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने २०१६मध्ये असा कायदा केला, की उमेदवाराला मागचा पगार विचारायचा नाही. न्यूयॉर्क शहर आणि कॅलिफोर्निया त्याच मार्गाने गेले. अशी बंदी आलेल्या भागांत नोकरी बदलणाऱ्यांचे, त्यातही स्त्रियांचे आणि कृष्णवर्णीयांचे पगार वाढल्याचं अभ्यासांत दिसलं. युरोपीय संघाच्या २०२३च्या वेतन-पारदर्शकतेच्या निर्देशातही ही बंदी आहे आणि सदस्य देशांना तिच्यासाठी जून २०२६ची मुदत दिलेली होती. भारतात असा कायदा नाही. इथे एचआरचा तो प्रश्न इतका रुळलेला आहे, की उत्तर न देणाऱ्याचा फोनच पुढे चालत नाही.

थांबणं आणि कुठेतरी चिकटणं

मग थांबावं का? यावर परदेशात बरंच काम झालेलं आहे आणि ते दोन दिशांना ओढतं. क्रॉफ्ट, लँग आणि नोटोविडिग्डो या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शंभर शहरांमध्ये सुमारे बारा हजार काल्पनिक रेझ्युमे पाठवून पाहिले. बेकारीचे महिने वाढत गेले तसे उलट फोन येणं कमी होत गेलं, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांतली होती. म्हणजे थांबणं महाग. पण फार्बर, सिल्व्हरमन आणि फॉन वाख्टर यांनी पदवीधर स्त्रियांच्या नावाने असाच प्रयोग केला, तेव्हा बेकारीच्या लांबीने काही फरक पडला नाही. मधल्या काळात खालच्या दर्जाची नोकरी धरलेल्यांना मात्र फोन कमी आले. नव्या पदवीधरांवरच्या आणखी एका अमेरिकी प्रयोगाचा निष्कर्षही त्याच वळणाचा: रिकामं राहण्याने बिघडलं नाही, शिक्षणाशी संबंध नसलेल्या हलक्या कामाने बिघडलं. यातला कुठलाही आकडा उचलून खराडीच्या रांगेला लावता येणार नाही. तरी एवढं कळतं, की 'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरं' हे सर्वत्र खरं नाही. ते 'काहीतरी' काय आहे, त्यावर ते अवलंबून आहे.

पुण्यात हे 'काहीतरी' अनेक रूपांत भेटतं. रात्रपाळीचं व्हॉइस सपोर्ट. मोठ्या कंपनीच्या इमारतीत बसून, पण तिसऱ्याच एजन्सीच्या पेरोलवर करायचं काम. क्लासवाल्याकडेच पुढच्या बॅचला शिकवायची नोकरी. सरकारी वाटेने गेलं तर २०२४मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना, जिच्यात पदवीधराला महिना १० हजार विद्यावेतन मिळतं. सहा महिन्यांची मुदत पुढे वाढवण्यात आली, आणि ती संपल्यावर कायम करा म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्या मागणीची चेष्टा करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की जिथून पुढे कुठलंच दार उघडत नाही अशा कामात घातलेले महिने रेझ्युमेवर कसे मांडायचे, हे योजनेने कुणालाच शिकवलेलं नव्हतं.

शोधणाऱ्याच्या मनात काय चालतं याबद्दलही एक समज तपासून घ्यायला हवा. महिने गेले की माणूस अपेक्षा खाली आणतो असं आपण धरतो. रांगेतल्या त्या तीन प्रश्नांवरूनही तसंच वाटतं. क्रूगर आणि म्यूलर यांनी न्यू जर्सीतल्या सहा हजारांवर बेकारांना आठवड्यामागून आठवडे विचारलं. किमान किती पगारावर नोकरी घ्याल, याचं उत्तर फारसं हललं नाही. शोधण्यात घालवलेला वेळ मात्र आठवड्यागणिक कमी होत गेला. माणूस हार मानतो ती अपेक्षेच्या बाजूने नव्हे, प्रयत्नाच्या बाजूने. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेचं पुस्तक उघडं ठेवून बसलेल्यांमध्ये इंजिनिअरिंगचे किती तरी पदवीधर असतात. त्यांतल्या काहींसाठी ती नवी दिशा असते, आणि काहींसाठी जुना शोध न थांबवता थांबवण्याची प्रतिष्ठित रीत.

बाँड, नोटीस आणि यूएएन

आता बाहेर पडण्याच्या किमतीकडे येऊ. तिचे चार भाग आहेत आणि ऑफर घेताना बहुतेकांचं लक्ष त्यांतल्या एकावरच असतं, बाँडवर. दोन वर्षं सोडायचं नाही, सोडलं तर एक किंवा दोन लाख भरा. 'बाँड कोर्टात टिकत नाही' हे वाक्य प्रत्येक होस्टेलवर ऐकू येतं. ते आता जपून वापरलेलं बरं. करार कायद्याचं कलम २७ व्यवसायाला आडकाठी करणारे करार रद्दबातल ठरवतं, हे खरं. पण मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची किमान सेवा आणि ती न केल्यास दोन लाखांची भरपाई, ही अट वैध धरली. ते प्रकरण सरकारी बँकेतल्या वरच्या पदाचं होतं. वीस हजारांवर फ्रेशर नेमून त्याच्या मूळ मार्कशीट कपाटात ठेवणाऱ्या छोट्या कंपनीला तोच न्याय मिळेल असं नाही. मात्र ते सिद्ध करायला वकील लावावा लागेल, आणि कपाटाची किल्ली तोवर कंपनीकडेच राहील.

दुसरा भाग नोटीस पिरियड. नव्वद दिवसांची नोटीस असलेल्या माणसाला तीस दिवसांत माणूस हवा असलेली कंपनी विचारतच नाही. तिसरा भाग प्रोफाइलचा. तीन वर्षं तिकिटं बंद करण्याच्या सपोर्टच्या कामात गेली, की डेव्हलपमेंटच्या मुलाखतीत 'रिलेव्हंट एक्स्पिरियन्स' शून्य मोजला जातो आणि पगार मात्र तीन वर्षांचा मागावा लागतो. चौथा भाग नवा आहे. पूर्वी न पटलेली नोकरी तीन महिन्यांत सोडून रेझ्युमेतून गाळता यायची. २०१४पासून पीएफला यूएएन आला, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा खाते-क्रमांक. आता बॅकग्राउंड तपासणीत यूएएनवरचा सेवा-इतिहास पाहिला जातो, आणि कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत पीएफ भरला ते त्यात दिसतं. खोटा अनुभव विकणाऱ्या कन्सल्टन्सींना यामुळे थोडा चाप बसला, हे चांगलंच झालं. पण बिचकत घेतलेली आणि लगेच सोडलेली प्रामाणिक नोकरीही आता पुसता येत नाही.

हे चार भाग मांडून पाहिले, की दोन ऑफरमधली तुलना वेगळी दिसायला लागते. चार लाख, सपोर्ट, दोन वर्षांचा बाँड, नव्वद दिवसांची नोटीस ही एक. तीन लाख, लहान प्रॉडक्ट कंपनी, बाँड नाही, तीस दिवसांची नोटीस ही दुसरी. वरवर पाहता वर्षाला एक लाखाचा तोटा. दुसरीतला माणूस दीड वर्षाने खऱ्या कामाच्या जोरावर बाजारात उभा राहू शकतो. पहिलीतला तेव्हा बाँडचे महिने मोजत असतो. आणि उलटंही घडतं. लहान कंपनीत 'शिकायला मिळेल' म्हणून घेतलेल्या अडीच लाखांच्या नोकरीत वर्षभर एक्सेलच्या शीट भरल्या, तर पगारही गेला आणि शिकणंही. मुलाखतीत 'माझ्या आधी या जागेवर असलेला माणूस आता कुठे आहे?' असा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ उलगडतं. उत्तर टाळलं गेलं, तर तेही उत्तरच.

ज्यांना थांबता येत नाही

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा सगळा विचार पोट भरलेल्यांचा आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर साधारण वर्षभराने सुरू होतात आणि व्याज तर आधीपासून चढत असतं. ज्याच्या घरी सोयाबीनला भाव मिळाला नाही म्हणून बहिणीची फी अडली आहे, त्याने बाँडची कलमं वाचत बसावं का? आक्षेप खरा आहे. अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३च्या अहवालात पंचवीसच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेकारी ४२ टक्क्यांच्या वर दिसली, आणि पस्तिशीच्या पुढे ती पाच टक्क्यांच्याही खाली गेलेली. म्हणजे शेवटी जवळपास सगळ्यांना काही ना काही मिळतं, पण ते शिक्षणाला साजेसं असतं का, हा प्रश्न अहवालानेच मोकळा ठेवला आहे. मधली वर्षं कुणाच्या पैशावर निघतात हे मात्र उघड आहे. आईबापांच्या. थांबण्याची मुभा गुणवत्तेने मिळत नाही, घरच्या शिलकीने मिळते. आणि दहा वर्षांनी आपण तिच्या फळांना गुणवत्ता म्हणतो.

पण नेमकं म्हणूनच, ज्याला थांबता येत नाही त्याला बाहेर पडण्याची किंमत जास्त बारकाईने पाहावी लागते. शिल्लक असलेला चुकीच्या नोकरीतून बाँडचे लाख भरून सुटू शकतो. दुसऱ्याला ती सोय नाही. त्याने लगेच नोकरी घ्यावीच, फक्त दोन सारख्या पगारांमध्ये, किंवा हजार-दोन हजारांच्या फरकातही, सुटायला सोपी असलेली निवडावी. मंदीत पदवी घेतलेल्या कॅनडातल्या तरुणांचा ओरिओपुलोस, फॉन वाख्टर आणि हाइस यांनी दीर्घकाळ माग काढला. सुरुवातीला नऊ टक्क्यांच्या आसपास पगार कमी, आणि ती तूट भरून निघायला दहाएक वर्षं. ज्यांची भरून निघाली त्यांची ती मुख्यतः चांगल्या कंपन्यांकडे सरकत गेल्याने. सरकता येणं हाच तिथे उपाय होता, आणि आपल्याकडचे बाँड, नोटीस व करंट सीटीसी नेमका तोच अडवतात.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा. प्रशिक्षणावर खर्च करायचा आणि माणूस सहा महिन्यांत दुसरीकडे गेला, तर बाँड का घेऊ नये? खर्च खरा असेल तर घ्यावा. प्रत्यक्ष खर्चाइतका, आणि महिन्यागणिक कमी होत जाणारा. दोन वर्षांतल्या तेविसाव्या महिन्यात सोडणाऱ्याकडून पूर्ण दोन लाख मागणारा करार प्रशिक्षणाचा खर्च वसूल करत नसतो, तो माणूस बांधून ठेवत असतो.

सगळं ओझं मात्र बावीस वर्षांच्या उमेदवारावर टाकून चालणार नाही. इंजिनिअरिंग कॉलेजांच्या कमानीवर 'हायेस्ट पॅकेज'चा फलक जूनमध्ये लागतो. एनआयआरएफच्या राष्ट्रीय क्रमवारीसाठी कॉलेजांना किती जणांना नोकरी लागली आणि त्यांचा मधला पगार किती, हे द्यावं लागतं. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने घालायला फारसा खर्च नाही: लागलेल्यांपैकी किती जणांना बाँडवर सही करावी लागली, आणि दोन वर्षांनी किती जण आपल्या शाखेच्या कामात आहेत. प्लेसमेंट सेलकडे यातली पहिली माहिती आजच असते, कारण ऑफर लेटरची प्रत त्यांच्याचकडे जमा होते. दुसरीसाठी माजी विद्यार्थ्यांना एकेक फोन करावा लागेल. प्रवेशाच्या दिवशी पालकांनी ते दोन आकडे मागायला सुरुवात केली, तर कॉलेजं ते फोन करतील.